डावी पाकळी

१२ मे, सोमवार
सकाळी कपाटासमोर उभा. एका हातात निळा शर्ट, एका हातात पांढरा. तेवढ्यात कंपनीची बस गेली. पूनमल्लीच्या घरून इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यापर्यंत बस बदलत, घामाने भिजून पोचलो. मग दिवसभर तपासणीच्या टेबलावर नेहमीचंच. हा ब्रॅकेट ठेवू की टाकू, ठेवू की टाकू. घरी आलो तर सौ. दारातच, "अहो, भाजी कसली करू?" ओरडलो. भाजीवरून!
जाईचं कॉलेज. कोइमतूरला शेतकीसाठी निवड झालीय, इथल्या कॉलेजातही मिळतंय. "बघू," म्हणालो.
"बाबा, तुम्ही कधीपासून नुसतं बघताय."
आणि वर गेली. व्यंकटरावांकडे.

१३ मे, मंगळ.
राव वरच्या मजल्यावर राहतात. तंजावरकडचे मराठी, कित्येक पिढ्या इथल्याच. माझ्याच वयाचे, नोकरी त्यांनाही आहे. पण संध्याकाळी बघावं तर नुकती आंघोळ केल्यासारखे ताजे. सगळं वारांवर बांधलेलं. आज जिन्यात म्हणाले, "परबबुवा, मंगळवार म्हणजे पांढरा सदरा नि भोपळ्याचें सांबार. त्यांत विचार कसला करणें? सरि, येतों."
सौ.ला हे फार पटतं. "रावांच्या घरी सकाळी आवाज ऐकलाय कधी?" मी म्हटलं, मग चहाला तिकडेच जात जा.
"गेले होते की. मंगळवारी त्यांच्याकडे सुंठेची कॉफी असते."

१५ मे, गुरु.
उपाय सापडला. गावी सातेरीला कौल लावतात. गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि प्रश्न घालतो. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. घरी देवीच्या तसबिरीच्या काचेवर जास्वंदीच्या दोन पाकळ्या लावल्या. निळा शर्ट? डावी पडली. पांढरा घातला. दोडका? डावी.
बस मिळाली. टेबलावर डोकं शांत. रावांकडे वार आहेत, माझ्याकडे साक्षात देवी.

१९ मे, सोम.
सौ.: "देवीला दोडका नको, भेंडी नको, पडवळ नको. आता उपास धरायचे का?"
संध्याकाळी जाई जिन्यात रावांशी बोलत बसली होती. मातीबद्दल. मी नांगरामागे चालत मोठा झालो, राव कुंडीत कढीपत्ता लावतात, आणि माती तिला त्यांच्याशी बोलायची असते. रावांचा आवाज: "जा गो पोरी. दूर गेल्यावांचून कळत नाहीं."
मीही तेच सांगणार होतो. बहुतेक. आता कसं सांगू? मी सांगितलं तरी शब्द रावांचाच ठरणार.

२२ मे, गुरु.
कोइमतूरच्या कॉलेजला मंगळवारपर्यंत कळवायचंय. सकाळी कौल लावला. जाईने कोइमतूरला जावं का? डावी पडली.
तिला सांगितलं. ती कॉलेजचे कागद आवरायला लागली. भांडली असती तर बरं झालं असतं.
आनंद झाला मला. पण देवीची आज्ञा मिळाल्यावर होतो तसला नव्हे. राव हरले, तसला.

२३ मे, शुक्र.
सौ. पोळ्या लाटत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, पंखा तसबिरीच्या डावीकडे आहे. डावीच पाकळी आधी वाळून पडणार."
पंखा मीच तिथे ठेवलाय, उकाड्यामुळे.
आणि काल प्रश्न कसा घालायचा, 'जावं का' की 'राहावं का', यात मी बराच वेळ घातला होता. का घातला?

२५ मे, रवि.
गावचा गुरव सारखा आठवतोय. पाकळ्या भिजवण्याआधी म्हणायचा, "तुमी काय ठरवलास ता आधी सांगा. मगे देवीक इचारूया."
मी काहीच न ठरवता गेलो होतो. किंवा ठरवून.
सौ.ला समोर बसवून आठवडा बांधला. सोमवारी निळा शर्ट, दोडका. मंगळवारी पांढरा, भेंडी. असं शनिवारपर्यंत.
"हे रावांचंच आहे," ती म्हणाली.
"असू दे." एवढं म्हणायला जीभ जड झाली.

२६ मे, सोम.
निळा शर्ट. दोडका. संध्याकाळी डोक्यात थोडी जागा शिल्लक होती. जाईला विचारलं, तुला काय हवंय? पहिल्यांदाच विचारलं. बोलतच राहिली. गावची माती, आजोबांचं भात, सुट्टीत बघितलेलं. मला वाटलं होतं विसरली. मग थांबली. "पण देवी नाही म्हणाली ना?"
"देवी काही म्हणाली नाही. पंखा म्हणाला."
लगेच हसली नाही. मग हसली.

२७ मे, मंगळ.
सकाळी देवीला फूल वाहिलं. विचारलं काही नाही. बस आज मुद्दाम सोडली. कॉलेज उघडल्याबरोबर कोइमतूरला फोन केला. जाई परब येते आहे. मीच बोललो.
जाई गळ्यात पडली. आणि तशीच जिन्याने वर. "रावमामा, बाबा हो म्हणाले!"
वरून: "मीं सांगितलेंच होतें!"
पांढरा शर्ट घालून दारात उभा आहे. वर हसणं चाललंय. ती खाली यायची आहे अजून.