धोंडूची कबुली

१८ जानेवारी १९५६, बुधवार
मॅजिस्ट्रेटची खुर्ची म्हणजे जबाबदारी. आजपासून निश्चय: आरोपी 'गुन्हा कबूल' म्हणाला तरी थांबायचं. आरोप समजला का, कुणी दटावलं का, घडलं काय, हे विचारायचं. मगच शिक्षा. बाकीचे धडाधड उरकतात. मी त्यातला नाही.

१९ जानेवारी
दंगलीच्या कर्फ्यूत धरलेल्यांनी कोर्ट गच्च. पहिल्या दोघांना नीट विचारलं. मग डबा आला. सोड्यांची खिचडी. गार खाल्ली की पित्त होतं. बाकीचे भराभर घेतले. अनुभवानं चेहऱ्यावरूनच माणूस कळतो.
शेवटचा धोंडू. लालबागचा गिरणी कामगार, रात्री रस्त्यावर सापडलेला. कबूल? मान डोलावली. एक महिना. हात जोडून गेला. समाधानी वाटला.

२० जानेवारी
धोंडूचं ऐकून पद्मजेनं विचारलं, अहो, तो बाहेर कशाला पडला होता?
बायकांना प्रोसीजर कळत नाही. तरी उद्यापासून विचारायचं. नक्की.

२३ जानेवारी, सोमवार
धोंडूची बायको शांता कोर्टाच्या दारात. म्हणाली, मागांच्या खडखडाटात ह्यांचे कान गेले. समोरचा बोलला की नुसती मान डोलावतात. पोरीला घटसर्प झाला, श्वास कोंडला, म्हणून डॉक्टरला आणायला धावले होते. दुर्गी त्याच रात्री गेली. ह्यांना अजून ठाऊक नाही. तुम्ही आत टाकलंत, तुम्हीच सोडा.
स्वतःचा हुकूम मला फिरवता येत नाही. गुन्हा कबूल, म्हणून अपीलही नाही. सगळं शांतपणे समजावलं. तिला समजलं असावं.
डबा तसाच परत.

२४ जानेवारी
शिक्षा रद्द व्हावी म्हणून हायकोर्टाला लिहायला बसलो. 'आरोपी बहिरा आहे हे माझ्या लक्षात' इथपर्यंत आलो. पुढे भाषा जमेना. फाडलं.
त्यापेक्षा स्वतः तुरुंगात जाऊन धोंडूला पोरीचं सांगावं. तेच माणुसकीचं. रविवारी.

२९ जानेवारी, रविवार
काय बोलायचं ते टॅक्सीत पाठ केलं. फाटकाशी शांता भेटली, आतून येत होती. म्हणाली, खुणा केल्या, कळेना. शेवटी दुर्गीचा परकर पुढे धरला. तर म्हणाले, हा इथं कशाला आणलास, ती काय घालील?
मग कळलं का, मी विचारलं.
मी रडले तेव्हा कळलं, म्हणाली. जा साहेब आत. एकटेच बसलेत.
हो म्हणालो. ती वळेपर्यंत थांबलो. मग टॅक्सी केली.
घरी पद्मजेनं विचारलं, भेटलात?
म्हणालो, भेटीची वेळ संपली होती.