राखणदाराच्या आधी घेतलेला घोट

रविवार, १९ जानेवारी २००३
रत्नागिरी

काय बुद्धी झाली मला! आज आंब्याच्या बागेत राखण द्यायची होती. बाग सांभाळणाऱ्या अदृश्य राखणदाराला वर्षातून एकदा कोंबडा आणि दारूचा नैवेद्य. नेहमीची गावठी कुठे मिळाली नाही. दुकानदार म्हणाला, मांसाबरोबर लाल वाईनच बरी, आणि ही स्वस्तही आहे. घेतली. पण रश्शाबरोबर ती जाते का, हे कोण सांगणार? म्हणून स्वयंपाकघरातच कलेजीचा तुकडा खाऊन वर एक घोट घेतला. आंबट, तुरट. तेवढ्यात आईने काहीतरी विचारलं, मी तोंड उघडलं आणि तिला माझी जांभळी जीभ दिसली.

"अरे, त्याच्या आधी तू तोंड लावलंस? उष्टी केलीस की रे!"

दुसरी आणायला वेळ नव्हता, माणसं बागेत खोळंबली होती. आधीच यंदा दोनदा फवारूनही मोहर काळा पडतोय, त्यात हे. आईने तीच वाईन कलमाच्या मुळाशी ओतली आणि हात जोडले. "पोर चुकलं माझं. बागेवर राग काढू नको."

पोर! बावन्न वर्षांचा मी, जांभळी जीभ दातांमागे लपवून उभा होतो. वर मोहराकडे बघायचा धीरच झाला नाही.