गढीच्या बागेतलं ठेंगणं झाड

१२ डिसेंबर, शुक्रवार. सोहार
सुनंदे, चष्मा डोक्यावर ठेवून घरभर चष्मा शोधणारी लेक तू माझी. फोनवर सांगितलेलं तुला दुसऱ्या दिवशी आठवत नाही, वर मलाच म्हणतेस, आई, तू सांगितलंच नाहीस. म्हणून इथे आखातात, तुझ्या मिलिंददादाकडे, ही वही. मी बोलते, तुझी भाची सांची लिहिते. मला अक्षर येत नाही, हिला मराठी धड येत नाही. दोघी मिळून एक शहाणी. (हेही लिही गं.) वर्ध्याला आले की वही तुझी. तोवर माझी.

आज मिलिंदने खाबुरा गावाकडे नेलं. त्याच्या कंपनीतल्या सालिमच्या आईची बाग. मधोमध मातीची जुनी गढी, दोन बुरूज. भोवती खजूर, लिंबं, आंबे, पाटाला वाहतं पाणी. म्हातारीला सगळे उम्म सालिम म्हणतात, म्हणजे सालिमची आई. मला विचारलं, थोरला कोण? झालं, मी उम्म मिलिंद. मोडकं हिंदी तिचं, मोडकं माझं. कुणी कुणाला हसायला जागा नाही.

१६ जानेवारी
चौथ्यांदा गेले. सकाळी चक्क स्वेटर लागला. लिंबं वाळवून काळी कुळकुळीत करतात, रश्शात टाकतात. मी म्हटलं, आमच्याकडे असं लिंबू फेकून देतात. म्हणाली, "इसलिए तुम्हारे दाल में मजा नहीं." जिभेची तिखट आहे. आवडली.

बुरुजाजवळ एक ठेंगणं झाड. तिच्या आईने लावलेल्या खजुराला बुडाशी पिल्लू फुटलं, केळीला फुटतं तसं. आई गेली त्या वर्षी हिने ते काढून इथे लावलं. मोठं झाड पुढे वाळलं. आता आईचं म्हणून एवढंच. यंदा पहिल्यांदा फुलणार. रोज येऊन बघते.

१३ फेब्रुवारी
हवा अजून गोड. झाडांना फुलं आली, पांढऱ्या झुपक्यांसारखी. ठेंगण्यालाही चार. माझ्या छातीएवढ्या उंचीवर. पण त्यात कुणीतरी वाळक्या काड्या खोवून वरून पातीने बांधलेलं. रफीक माळी बावीस वर्षं इथे आहे, आणि ही साफसफाई! तो उंच झाडावर, उम्म सालिम कॉफी आणायला आत. मी चारही झुपके सोडले, काडी न काडी काढली, पाटात सोडली. कसं मोकळं दिसलं झाड! हात धुऊन कॉफी प्यायले. कुणाला बोलले नाही. केलेलं सांगत फिरायची सवय नाही मला.

१० एप्रिल
रमजानमुळे मधे गेलो नव्हतो. आज गेलो. इतर झाडांना हिरवे मणी लोंबतायत. ठेंगण्याला बारीक गोळ्या, एकेका जागी तीन-तीन. उम्म सालिमने एक फोडून दाखवली. आत बी नाही. हे पिकत नाही म्हणाली. नर झाडाच्या फुलाच्या काड्या मादीच्या फुलात खोवून बांधाव्या लागतात, तेव्हा फळ धरतं. रफीकने ह्याच झाडाला केलं नाही.

रफीक म्हणत होता, "किया था, माँ. कसम से किया था." सालिम म्हणाला, महिनाअखेर याला घरी पाठवू, खलास.

मी ओढणी सारखी क...
(सांची, ओढणी कुठून आली? पदर लिही, पदर.)
मी पदर सारखा करत बसले. जन्मभर तुम्हाला गप्प केलं, आज माझीच बोलती बंद.

गाडीत मिलिंदला सांगितलं. म्हणाला, "आई! काय गरज होती?" मग घराकडे वळताना, "आता राहू दे. सालिमसोबत रोज बसायचंय मला."

१४ एप्रिल
जयंती. खीर केली, पांढरी साडी नेसले. लांबच्या अल् घुब्र्यातली आपली मंडळी फोनवर जोडलेली, सगळ्यांनी मिळून पंचशील म्हटलं. चौथ्या शीलाला अडखळले. खोटं बोलणार नाही, ते चौथं. सांची कुजबुजली, "आजी, यू फरगॉट?" विसरले नाही बाई. तेच तर.

१७ एप्रिल
मिलिंद नको म्हणत होता. म्हटलं, मग टॅक्सी बघते. मुकाट्याने गाडी काढली.

उम्म सालिमला हाताला धरून झाडापाशी नेलं. काड्या काढल्या त्या कशा, ते हातवारे करून दाखवलं. "रफीक ने किया था. मैंने निकाला. मेरे को कचरा लगा."
तिने झाडाकडे बघितलं. माझ्याकडे नाही. मुलाशी अरबीत दोन वाक्यं बोलली आणि आत गेली. रफीक राहतोय, सालिमने सांगितलं. कॉफी आली नाही. आम्ही निघालो.
रफीक फाटकापर्यंत आला. म्हणाला, "अम्मा, पूछ लेते एक बार."
विचारायची सवयही नाही मला. लागायला हवी होती.

२२ मे
बाहेर भट्टी. पाच शुक्रवार घरीच. फोन नाही. मिलिंद म्हणतो, तूच कर. का करू? खरं ते सांगून झालं, आता तिने ठरवायचं. सांची म्हणते, सॉरीचं चित्र पाठवू का, रडणारं तोंड. म्हटलं, माझं तोंड आहे की, ते पाठव.
पण बाग आठवते. आता आंबे उतरले असतील.

३ जुलै
सालिमने मिलिंदजवळ डबा दिला. पितळी, झाकणाचा, जुना. आत पहिल्या तोडीचा ओला खजूर, पिवळाधमक. त्याच्या आईचा निरोप एवढाच: डबा परत हवाय. कोणी आणायचा, ते सांगितलं नाही. मिलिंद म्हणतो, मी ऑफिसात देतो सालिमला. त्याला डब्याला हात लावू दिला नाही. मी नेणार. दार उघडायचं की नाही, ते ती बघेल.

आणि आपल्या घरून कुणाचा डबा रिकामा गेलेला नाही. सुनंदे, हे पान सांची आजच फोटो काढून पाठवतेय, विसरायला वेळच नको. पुढच्या आठवड्यात इथले शेजारी तिकडे येतायत, परतताना त्यांच्याजवळ दे: मुगाच्या वड्या दोन किलो, कोहळ्याचे सांडगे, ज्वारीचे पापड. गोड काही नको, तिच्याकडे खजुराचे ढीग आहेत. आणि सांडग्यात तिखट हात राखून नको घालू. ती बाई खाऊ शकते.