गोळीत काही नाही, पथ्य मात्र कडक

फैजपूर,
मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार

तीर्थस्वरूप अक्कांना सुंदरचा पाया पडून नमस्कार. (हे ‘पाया पडून’ मी आजवर नुसतं लिहीत आले. कंबर गुडघ्यापलीकडे वाकायला तयारच नव्हती, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. यंदा खरंच वाकता येतं. कसं, तेच सांगायला बसले आहे.) तुमचे गुडघे काय म्हणतात? फोनवर विचारलं की तुम्ही ‘बठ्ठं बरं शे’, सगळंच बरं, म्हणून मोकळ्या होता. फैजपूरची लेक देवपुरात जाऊन पार धुळ्याची झाली, ही तुमच्या भावाची तक्रार शेवटपर्यंत होती. पण फोनवर माणूस गुडघ्यांचं खरं सांगत नाही आणि माझी गोष्ट अर्ध्यात आली की आमच्या लेकाला, जितेंद्रला, त्याचा फोन हवा असतो, म्हणून हे पत्र. चहा ठेवून वाचायला बसा, लांबणार आहे.

माझ्या कमरेवर किती जणांनी हात चालवला ते तुम्हाला माहीत आहेच. तेल झालं, पट्टा झाला, विटेचा शेक झाला. मागच्या उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या प्रमिलाबाईंनी पायाळू माणसाची लाथ सुचवली. (जन्मताना ज्याचे पाय आधी आले त्याची लाथ कमरेला लागू पडते, असं तुमची आईही म्हणत असे.) गल्लीत पायाळू म्हणून सापडली ती नेमकी प्रमिलाबाईंचीच धाकटी सून. बिचारी लाजाळू. मी ओट्यावर पालथी झोपलेली, भोवती बायका आणि तिने माफी मागत मागत पाय नुसता टेकवला. प्रमिलाबाई म्हणाल्या, “व माय, अशी लाथ कशी लागू पडीन? सासू समजून मार!” मग मात्र तिने मनापासून मारली. गुण आला, पण तो तिच्या तब्येतीला. महिनाभर काय खूश होती पोर! मला तेवढे दिवस ओट्याची पायरी उतरता येत नव्हती. त्यानंतर दुखण्याच्या गोळ्या वाढवल्या, तर पोटात आग पडायला लागली. शेवटी जितेंद्रने मला गाडीत आडवी घालून जळगावला नेलं.

तिथली डॉक्टरीणबाई आपल्या मेघाच्याच वयाची, पण माझ्या सुनेसारखी घाईत नसते. (मेघा हे पत्र टपालात टाकायच्या आधी वाचणार आहे, म्हणून मुद्दाम लिहिलं.) तिने कमरेचे फोटो पाहिले, मला वाकवलं, चालवलं आणि सांगितलं की आत मोडलेलं, सरकलेलं काही नाही, दुखणं जुनं आणि मुरलेलं आहे. दुखण्याच्या गोळ्या कमी करायच्या, रोज चालायचं, चार व्यायाम करायचे. त्याशिवाय, म्हणाली, तुमची तयारी असेल तर एक गोळी देते, पण आधी नीट ऐकून घ्या, त्या गोळीत औषध नाही. नुसती भुकटी दाबून केलेली आहे. लबाडी नको म्हणून उघड सांगते. असं सांगून दिलेल्या गोळीनेही काही जणांचं दुखणं हलकं झालेलं पाहिलंय, काहींचं झालेलं नाही. नेमाने घ्यायची सवय लागली की शरीर आपल्या बाजूने थोडं कामाला लागतं, असा अंदाज आहे. तुमच्यावर विश्वासाची सक्ती नाही.

जितेंद्रचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. तो म्हणाला, “मॅडम, काहीच नाही तर एवढ्या लांबून आणलं कशाला?” मला मात्र बाई आवडली. इतक्या वर्षांत इतक्यांनी मला ‘हमखास’ म्हणून काय काय दिलं, पण ‘यात काही नाही’ असं तोंडावर सांगणारी ही पहिलीच. मी विचारलं, जेवणाआधी की नंतर? म्हणाली, कधीही चालेल, वेळ एक ठेवा. दुधातून की पाण्यातून? कशातूनही. आणि पथ्य? तर म्हणाली, पथ्य काही नाही.

अक्का, इथे माझं मन अडलं. गोळीत औषध नाही हे मी पचवलं. पण पथ्य नाही? बिनपथ्याचं औषध आपल्याकडे कुणी घेतलंय? मी आपली चौथीत शाळा सुटलेली बाई. पुढचं सगळं वाचन वाचनालयाच्या पुस्तकांवर आणि औषधांच्या खोक्यातल्या घडीच्या कागदांवर झालं. पण एवढं मला कळतं की काहीतरी सोडल्याशिवाय काही मिळत नाही. म्हणून गाडीतच मी माझ्यापुरतं पथ्य ठरवून टाकलं, वांगं बंद. आणि हे कधी, तर मार्गशीर्षाच्या तोंडावर, जेव्हा आपल्याकडे शेताशेतातून भरताचा धूर निघतो!

गोळी मी सकाळ-संध्याकाळ घेते, तुमच्या भावाचं नाव कोरलेल्या पेल्यातून, त्यांच्या खुर्चीशेजारी उभी राहून. डॉक्टरीणबाईंनी खरं ते लक्षात ठेवायला सांगितलंय, म्हणून घेताना मोठ्याने म्हणते, “यात काही नाही हं.” मेघाने हे दाराआडून ऐकलं आणि जितेंद्रला सांगितलं की आई रोज खुर्चीला काहीतरी समजावत असतात. मग तो मला डोक्याच्या डॉक्टरकडे न्यायच्या विचारात होता. तेवढ्यात अमृतनानांच्या मळ्यातल्या भरिताचं आवतण आलं आणि सगळी गल्ली तिकडे गेली.

नानांचं भरीत तुम्ही खाल्लंय. तुरीच्या वाळक्या काड्यांवर वांगी भाजायची, सोलायची, लाकडी बडगीत ठेचायची आणि केळीच्या पानावर ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुरीबरोबर वाढायची. मी आपलं पान उलटं घातलं. झालं! गल्लीतल्या सगळ्या बाया गोळा झाल्या. प्रमिलाबाईंनी चौकशी सुरू केली.

“काय व सुंदरबाई, भरीत नको? तब्येत बरी आहे ना?”

“औषध चालू आहे. पथ्य आहे.”

“कोणतं औषध?”

“त्यात काही नाही.”

“काही नाही म्हंजे?”

“म्हणजे गोळीत औषध नाही. डॉक्टरने सांगूनच दिलीय.”

“मंग पथ्य कशाचं व माय?”

नाना हसता हसता बडगीत पडायचे राहिले. मीही हसले, इतकी की डोळ्यांना पाणी आलं. ते पुसायला हात वर केला तर हात कोपरापर्यंत काळा. तेव्हा मेघा ओरडली, “आई! तुम्ही खाली बसल्या आहात!” आणि खरंच की. गप्पांच्या नादात मी जाळाजवळ मांडी घालून, वाकून, पुढच्या पंगतीसाठी टोपलीभर वांगी सोलली होती आणि कमरेने हाक मारली नव्हती. मग प्रमिलाबाई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, “मलेही दे त्यातल्या चार गोळ्या. फक्त मले सांगू नको त्यात काही नाही ते.” आता आली का पंचाईत? सांगितल्याशिवाय देता येत नाही आणि सांगितलेलं त्यांना चालत नाही. त्यांना म्हटलं, जळगावला जाऊन दाखवून या.

दुखणं गेलं असं मी म्हणत नाही, अक्का. पूर्वी ते घराचं मालक होतं, आता भाडेकरू आहे. कोपऱ्यात असतं, कधी भांडतं. गुण गोळीचा, चालण्याचा की हसण्याचा, ते डॉक्टरीणबाईही सांगू शकत नाहीत. मला आपली तुमच्या भावाची आठवण येते. रात्री कमरेवर तळवा ठेवून म्हणायचे, “गेलं बघ.” जात काही नसे, हे दोघांनाही ठाऊक. पण मी “गेलं” म्हणायची आणि मला झोप लागायची. त्यांच्या जाण्याचं दुःख आहे तिथेच आहे. त्याला मी गोळी मागितलेली नाही.

घरातल्या लहानांना आशीर्वाद, मोठ्यांना नमस्कार. केळीचा घड पाठवत आहे, वरच्या फण्या आधी संपवा.

तुमची वहिनी,
सुंदर

ता.क. गोळ्या परवाच संपल्या. जळगावला जाईपर्यंत नुसतं पाणी पिते आहे. पाण्यालाही सांगून टाकलंय.

ता.क. दुसरा. एवढं लांब लिहिलं ते खरं तर याच्यासाठी. तेराव्यानंतर तुम्ही माहेरी पाऊल टाकलं नाही. गुडघ्यांचं नाव सांगता, पण ‘भाऊ नाही तर माहेर कसलं’ असं तुम्ही तुमच्या सुनेजवळ म्हणालात, ते मला कळलंय. म्हणून मीही डॉक्टरीणबाईंसारखं आधीच उघड सांगते. या घरात तुमचे भाऊ नाहीत. ओट्यावरची खुर्ची रिकामी आहे. स्टँडवर घ्यायला ते येणार नाहीत, जितेंद्र येईल आणि उशिराच येईल. हे सगळं ठाऊक ठेवून संक्रांतीच्या आत या. गुण येईलच अशी सक्ती नाही. मला वाटतं, येईल.

ता.क. तिसरा. वांग्याचं पथ्य तुम्ही उंबऱ्याच्या आत आल्यावर सोडायचं ठरवलंय. नानांना सांगून ठेवलंय, मोठी हिरवी वांगी राखून ठेवा म्हणून. ती थांबतील. माझ्या जिभेचं काही मी लिहून देत नाही.