भिंत मध्यावर नको

मी, खाली सही करणारा, वय चौऱ्याहत्तर, व्यवसाय निसर्गाचे फोटो काढणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे असे डॉक्टरांचे मत आहे. थोरल्या मुलाचे वेगळे आहे.

१. कॅमेरे, भिंगे व ट्रायपॉड धाकट्या मुलाला. त्याने विकले तरी चालतील, फक्त माझ्यादेखत भाव विचारायला नको होता.

२. बैठकीतला नदीचा मोठा फोटो थोरल्याला, पण मूळ आकारात. ऑफिसात लावायची प्रत करताना त्याने डावी बाजू कातरून टाकली. "बाबा, तिथे नुसतं गवत आणि दगडच तर होते!" होते ना. त्या दगडांवरूनच नजर आत शिरते, पायवाट धरते, पाण्यापाशी थबकते आणि मग डोंगर चढते. दगड गेले आणि डोंगर बिचारा चिकटवल्यासारखा उभा राहिला. रिकामी दिसणारी जागा फुकट गेलेली नसते, हे सांगून माझे तोंड दुखले.

३. राहते घर. मी झोपलो आहे असे समजून दोघांनी टेप लावून घर मोजले आणि बरोबर मध्यावर भिंतीसाठी खडूने रेघ ओढली. रेघ त्यांच्या बहिणीच्या, म्हणजे माझ्या मुलीच्या, खोलीतून गेली. नवऱ्याचे घर सोडून आल्यापासून ती तिथे राहते. "ताईचं काय, ती कुठेही राहील," धाकटा म्हणाला. मला त्या दोघांची लाज वाटली.

फोटोत क्षितिज मध्यावर आणू नये, चौकटीचे तीन भाग मनात धरावेत, हे या घरात सर्वांना पाठ आहे. तेव्हा घराचेही तीन सारखे भाग करावेत. मधला, मोठ्या खिडकीसह, मुलीचा.

४. मुलगी म्हणते, "बाबा, मला काही नको. त्यांच्याशी वाकडं नको." उद्या भाऊ गोड बोलले की ती हक्कसोडपत्रावर सही करून मोकळी होईल. तसे झाल्यास तिचा भाग भावांना न जाता समोरच्या कॅलेंडर छापणाऱ्याला जावा. त्याने माझ्या फोटोतले तळे डावे-उजवे उलटे छापले होते, त्याचे यंत्र पहाटेपासून धडधडते, आणि माझ्या दोन्ही मुलांचे त्याच्याशी विळ्याभोपळ्याचे सख्य आहे. मधल्या खोलीत तो यंत्र आणून बसवील. तेव्हा सही करू नकोस म्हणून हेच दोघे तिच्या पाया पडतील.

साक्षीदार: १. फ्रेमवाला (सही) २. डॉक्टर (सही)
स्थळ: राहते घर, मधली खोली
दिनांक: ७ मार्च
लिहिणाऱ्याची सही