बुडाची ज्वारी

बाबा,

त्या संध्याकाळी तुम्ही चुलीपुढे उकिडवे बसून जळत्या पणतीवर गडू पालथा घातलात. थोड्या वेळानं उचललात, तर पणती विझलेली. "आता सांग, फुंकर कोणी मारली?" मी काही बोलण्याआधीच भाकरी थापणारी आई कडाडली, "दिवेलागनीले लागला दिवा इझवून राहिले! शायेचे खेय शायेतच करत जा ना!" तुम्ही हसलात आणि माझ्या कानाशी येऊन म्हणालात, "दिव्यालाही श्वास लागतो." उद्याचा धडा तुम्ही नेहमी आधी माझ्यावर करून पाहायचात. सरकी ओल्या चिंधीत रुजवायची, तीसुद्धा पहिल्यांदा आपल्याच कोनाड्यात.

दुसऱ्या दिवशी शाळेमागच्या पेवात तुम्ही दोरीनं दिवा सोडलात. जमिनीखालचं ते धान्याचं कोठार, त्यात हवा कोंडते. "शंभर आकडे मोजायचे. तोवर दिवा जळला तरच माणूस उतरेल."

त्या वर्षी अमरावतीच्या वाटेवर कापसाच्या गाड्या संपत नव्हत्या. दूरदेशी लढाई लागली म्हणून आपल्या कापसाला भाव, हेही तुम्हीच शिकवलंत. जो तो कापूस पेरी, ज्वारी बाजारातून आणी. पेवांची तोंडं लिंपलेली तशीच राहिली, जुनी ज्वारी आत पडून. म्हणून इतिहासाच्या तासाला तुम्ही सांगितलंत, घरातली सगळ्यात जुनी ज्वारी मूठभर आणा, आणि ती पेरली त्या साली काय घडलं ते आजीला विचारा.

शाळेत मुली दोनच, मी आणि शेजारच्या शेतकऱ्याची लेक. "मले बुडाची पाह्यजे," ती म्हणाली. "वरची तं कोनीबी आनन." घरचे सगळे वेचणीला गेलेले. आम्ही दोघींनी त्यांच्या पेवाचं तोंड उकरलं. दिवा मी सोडला. वीस होतात न होतात तोच तो विझला. मला वाटलं, दोरीला हिसका बसला. पुन्हा लावला, पुन्हा सोडला आणि दहाच्या आत वर ओढला.

"झालं का व तुह्यं?"

"जळून राहिला ना!"

ती खोबणीत पाय देत उतरली. मी हाका मारते आहे, खालून उत्तर नाही. मी शेताकडे पळते आहे. अजूनही पळते आहे.

तुम्ही मला एकदाच विचारलंत, "दिवा जळत होता?" मी म्हणाले, "शंभर होईपर्यंत." मग मातीहून परतलेला तिचा बाप आपल्या दारात आला. ओरडला नाही. "मास्तर, दिवा जयला तं भेव नाही, असं तुमीच सांगतलं होतं ना पोरायले?" धड्यांच्या वहीतलं पेवातल्या दिव्याचं पान तुम्ही आडव्या रेघेनं खोडलंत, आणि नंतर मुलांकडून नुसते पाढे म्हणवून घेतलेत. मला नन्सच्या शाळेत धाडलंत. तिथं चूक कबूल करायला शिकवत. मी सगळ्या केल्या, ही सोडून.

आपला धडा खोटा ठरला असं समजत तुम्ही गेलात. धडा खरा होता, बाबा. दिवा विझला होता.

आता माझं आवरत आलं आहे. माझ्यामागे काय कोणाला द्यायचं ते वेगळ्या कागदावर लिहिलं आहे. तुमची वही अकोल्याच्या मुलींच्या शाळेत शिकवणाऱ्या माझ्या विद्यार्थिनीला द्यावी; खोडलेलं पान मी शेजारी नव्यानं लिहून ठेवलं आहे. गडू भाचीला. सरकीची डबी इथल्या शेजारणीच्या सुनेला, तिला परसात लावायची आहे. हे पत्र पेवात उतरलेल्या माझ्या मैत्रिणीच्या धाकट्या भावाला द्यावं, तो अजून गावातच आहे, असंही लिहिलं होतं. ती ओळ मी आत्ताच त्या कागदावरून खोडली.