तळ्यातली हद्द आणि माझा समन्वय

३ मार्च
आज रुजू झालो. समन्वय अधिकारी! तळं एक, नगरपालिका दोन, वरच्या गावाची आणि खालच्या गावाची, मधे मी. ऑफिसही दोघींचं, म्हणून दोन भिंती वरच्यांनी रंगवल्यात, दोन खालच्यांनी. रंग जुळत नाहीत. आधी हा विषय मार्गी लावणार.
दादाची होडी जलपर्णीत अडकते, जाळं टाकता येत नाही. महिन्याभरात तळं मोकळं झालं नाही तर मासेमारी सोडतो म्हणाला. म्हटलं, आता मी आहे ना. तो उठून जाळं गुंडाळायला लागला. भारावला असणार.

५ मार्च
संकल्प: रोज पहाटे तळ्यावर जाऊन स्वतः पाहणी.

६ मार्च, सकाळी साडेनऊ
जाग आली नाही. पाहणी फोनवर उरकली.

१२ मार्च
संयुक्त बैठक. वरचे साहेब म्हणे, जलपर्णी खालच्यांची. खालच्या मॅडम म्हणे, वरच्यांची. शेवटी मी तोडगा काढला. तळ्याच्या मधोमध लाल दोर, ज्याने त्याने आपली बाजू साफ करायची. दोघांनी लगेच माना डोलावल्या!
मला मात्र काहीच वाटलं नाही. हल्ली कशाचंच काही वाटत नाही. यालाच नेतृत्व म्हणत असावेत. बायको म्हणाली, याला नेतृत्व नाही म्हणत, एकदा डॉक्टरांना दाखवून या.

२० मार्च
वरच्यांचा रिपोर्ट: बाजू शंभर टक्के साफ. दादाचा फोन आला, वरच्यांची माणसं बांबूने सगळी जलपर्णी दोरापलीकडे ढकलतायत म्हणून. समजावलं त्याला, सुरुवातीला थोडं इकडेतिकडे व्हायचंच.

२३ मार्च
खालच्यांचाही रिपोर्ट: शंभर टक्के. म्हणजे एकूण दोनशे! दादा फोन उचलत नाही. कामात असेल.

२ एप्रिल
पाहणीला गेलो. पहाटे नाही, अकराला. पाणी कुठे दिसेचना, नुसतं हिरवं. दादा दोराशी होडीत बसला होता, हातात बांबू. जाळी विकून टाकली म्हणाला. आता रोजंदारीवर आहे. सकाळी वरच्यांची जलपर्णी खाली ढकलतो, दुपारी खालच्यांची वर.
म्हटलं, उद्याच बैठक लावतो, हे सगळं बंद करतो. तर माझा थोरला भाऊ माझ्यापुढे हात जोडून म्हणाला, बाबा रे, नको लावूस, यावर घर चालतंय.
बैठक रद्द केली. वाईट वाटायला हवं होतं. जेवण नेहमीएवढंच गेलं.